तडा कोणाचा? : द्रवधातूने घडणाऱ्या भंगाचे मापन आणि त्याची मराठी परिभाषा

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तुळजापूर व बोरखेडी या स्थानकांच्या दरम्यान सिंदी हे स्थानक आहे. याच जिल्ह्यात सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव असल्याने सेलू तालुक्यातील या गावाचे नाव लिहिताना त्यापुढे कंसात ‘रेल्वे’ हा शब्द घालण्याचा प्रघात आहे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग नागपूरपर्यंत पोचला. अशा स्थानकातून एखादी गाडी न थांबता पार होत असताना तेथील कर्मचाऱ्याने उभे राहून तिच्याकडे पाहावे, असा रेल्वेचा नियम आहे. हे पाहणे केवळ औपचारिक नव्हे. चाकापाशी धूर दिसतो काय, जळक्या तेलाचा वास येतो काय, कुठे करकर ऐकू येते काय, याची ती परीक्षा असते. तसे काही आढळले तर कर्मचाऱ्याच्या तोंडी येणारा शब्द ‘हॉट ॲक्सल’ हा होय. गाडी पुढच्या स्थानकात अडवली जाते आणि तो डबा वेगळा काढला जातो.

या साध्या शब्दाचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आस (म्हणजे चाकांच्या जोडीचा कणा) अद्याप मोडलेला नसतो. त्याचा धातू वाईट आहे, असेही कोणी म्हणत नाही. शब्द सांगतो ते एवढेच की आस तापला आहे. दोष धातूच्या स्वभावात न पाहता त्याच्यावर ओढवलेल्या परिस्थितीत पाहणारा हा शब्द आहे. याच घटनेचे पुढे जेव्हा शास्त्रीय मराठीत वर्णन होते, तेव्हा मात्र ‘ठिसूळ झालेला धातू’, ‘दुर्बल धातूतील तडावाढ’ अशी पदे वापरण्याकडे कल दिसतो. ही पदे रेल्वे कर्मचाऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक विद्वत्तापूर्ण खरी. पण ती अधिक अचूक आहेत काय, हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की ती अचूक नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यांतील चूक ही मापनाच्या एका प्रचलित पद्धतीत दडलेल्या चुकीशी तंतोतंत जुळते.

१

प्रथम घटनेचे स्वरूप पाहू. जुन्या मालडब्यांच्या आसाची टोके ज्या बेअरिंगांना टेकत, त्यांना रेल्वेत ‘ब्रास’ म्हणत. वस्तुतः तो तुकडा बहुधा काशाचा असे आणि त्याला आतून शिसे किंवा कथील मुख्य असलेल्या मऊ मिश्रधातूचे अस्तर असे. पेटीत तेलात भिजवलेल्या धाग्यांचा भरणा घालून वंगणाची सोय केलेली असे. भरणा कोरडा पडला, किंवा चोरीस गेला, म्हणजे घर्षण वाढे. कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. त्यामुळे अस्तर आधी जाई. पुढे काशावर पोलाद घासू लागे आणि उष्णता आणखी वाढून काशातील तांबे द्रवरूपात पोलादाच्या संपर्कात येई. तापलेल्या, भार वाहणाऱ्या पोलादाच्या कणसीमांमधून हे द्रव तांबे आत शिरते आणि एरवी ताणले तर लांबणारे पोलाद कणाकणांच्या सांध्यांतून उकलते. जुन्या विद्युत व डिझेल एंजिनांच्या मोटारी ज्या साध्या बेअरिंगांनी आसावर टेकत, तेथेही हाच प्रकार घडल्याची उदाहरणे धातुशास्त्राच्या वाङ्मयात नोंदलेली आहेत. डब्यांवर आता रोलर बेअरिंगे आली आहेत आणि रुळालगत तापमान टिपणारी यंत्रेही बसू लागली आहेत. तथापि घटनेचे शास्त्र बदललेले नाही.

या घटनेला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, घन धातू आणि द्रव धातू यांची जोडी विशिष्ट असावी लागते. वाटेल तो द्रव वाटेल त्या धातूला फोडत नाही. दोन, द्रवाने घन पृष्ठाला खरोखर भिजवले पाहिजे. मध्ये ऑक्साइडाचा पापुद्रा अखंड असेल तर संपर्क होत नाही. तीन, घन धातूवर ताण असला पाहिजे, मग तो बाहेरून दिलेला असो की घडणीच्या वेळी आत राहून गेलेला असो. पारा आणि पितळ, पारा आणि ॲल्युमिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियम, जस्त आणि ऑस्टेनाइटी स्टेनलेस पोलाद या प्रसिद्ध जोड्या होत. यांपैकी गॅलियम २९.७६ अंशांना वितळते. म्हणजे विदर्भातील उन्हाळ्यात ते सावलीतही द्रवच राहील. कल्हईवाला भांडे तापवून त्यात वितळलेले कथील फिरवतो, तेव्हा घन धातूला द्रव धातू उत्तम भिजवत असतो, तरी भांडे फुटत नाही. याच्या कारणांत जोडीचे स्वरूप जसे येते, तसेच हेही येते की तापलेल्या त्या भांड्यावर सांगण्यासारखा ताण नसतो. भंगाचे कारण कोणत्याही एका पदार्थात नसून तिघांच्या संबंधात असते, हे या घरगुती उदाहरणावरून ध्यानात यावे.

२

आता ‘ठिसूळ’ या शब्दाकडे वळू. मराठीत ठिसूळ हे गुणविशेषण आहे. नानकटाई ठिसूळ असते, खडू ठिसूळ असतो, म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. या प्रत्येक ठिकाणी गुण वस्तूच्या अंगी मुरलेला असतो. वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली तरी तो तिच्याबरोबर जातो. ‘भंगुर’ हा तत्सम शब्द याहून काकणभर पुढेच आहे. ‘क्षणभंगुर’ या समासामुळे त्याला नश्वरतेची छटा चिकटलेली आहे. ‘दुर्बल’ हे पद तर संपूर्ण वस्तूचे बळ गेल्याचे सांगते.

पाऱ्याच्या सान्निध्यात तुटणाऱ्या पितळेला यांपैकी कोणते पद लागू पडते? पारा लावण्यापूर्वी पितळ तन्य असते. पारा लावून ताण दिल्यावर त्याच्यात तडा जातो. परंतु तडा सुरू होण्याआधी पारा पूर्णपणे काढून टाकला, तर सामान्यतः त्याची तन्यता पुन्हा प्रत्ययास येते. तडा चालू असतानासुद्धा त्याच्या टोकापासून थोड्या अंतरावरील धातू पूर्वीइतकाच सशक्त असतो. द्रवाचा परिणाम तड्याच्या टोकाशी, काही अणूंच्या परिसरात घडतो. तेथील बंध सैल होतात किंवा तेथील विरूपण एका चिंचोळ्या जागेत कोंडले जाते. नेमके काय होते याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. पण परिणाम टोकाशी घडतो, संपूर्ण तुकड्यात नव्हे, यावर सामान्यतः मतैक्य आहे. मग ज्या धातूचे अंग जसेच्या तसे आहे त्याला दुर्बल म्हणणे कितपत योग्य? एखाद्या माणसाला दाराच्या फटीत बोट सापडून इजा झाली, तर त्याची प्रकृती नाजूक आहे असे कोणी म्हणत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणसीमांमध्ये बाहेरचा ताण जवळजवळ नसतानाही शिरते. एकदा ते शिरले म्हणजे तो तुकडा हातात घेऊन चुरता येण्याच्या अवस्थेला पोचतो, आणि पृष्ठावरील गॅलियम पुसून टाकल्याने तो पूर्ववत होत नाही. येथे ठिसूळपणा खरोखरच तुकड्याच्या अंगी आलेला आहे. येथे ‘ठिसूळ झालेले ॲल्युमिनियम’ हा शब्दप्रयोग निर्दोष ठरतो. परंतु या अपवादावरून निष्पन्न होते ते हेच की दोन भिन्न घटनांना दोन भिन्न पदे हवीत. जेथे द्रव आत मुरून वस्तूचा गुण बदलतो तेथे ‘ठिसूळता’ म्हणावे. जेथे द्रवाच्या उपस्थितीत केवळ भंगाची क्रिया घडते तेथे ‘द्रवधातुप्रेरित भंग’ म्हणावे. पहिले गुणाचे नाव आहे, दुसरे क्रियेचे. एकाच पदाने दोन्ही भागवल्यास विद्यार्थ्याला हा भेद परीक्षेपुरता पाठ करावा लागेल. दोन पदे असतील तर तो भाषेतूनच त्याच्या हाती येईल.

३

पुढचा विचार ‘तडा’ या शब्दाचा. मराठीत वस्तू दुभंगण्याला एकच नाव नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. टाचेला भेगा पडतात. काचेला तडा जातो. दगडाला किंवा लाकडाला चीर पडते. दोन फळ्यांमध्ये फट राहते. बांगडी पिचते. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. भेग ही सावकाश, बहुधा सुकण्यामुळे उघडणारी. तिला रुंदी असते. तडा हा अकस्मात, बहुधा आवाजासह जाणारा. त्याला लांबी असते पण रुंदी जवळजवळ नसते, आणि ‘तडकणे’ या क्रियापदात तो आवाज अजून ऐकू येतो. फट ही दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा. ती पडण्यासाठी काही फुटावेच लागते असे नाही.

त्याहून उद्बोधक आहे तो या नामांबरोबर येणाऱ्या क्रियापदांचा भेद. भेग ‘पडते’, चीर ‘पडते’, पण तडा ‘जातो’. पडणे हे अवस्थांतर दाखवते. जाणे हे गती दाखवते. ‘काचेला तडा गेला’ या वाक्यात तडा हा कर्ता आहे, तो एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत प्रवास करतो, आणि काच चतुर्थीत, म्हणजे हे सारे जिच्यावर ओढवले तिच्या स्थानी आहे. मापनशास्त्राला हवे असलेले नेमके हेच आहे. प्रयोगशाळेत मोजली जाते ती तड्याची लांबी आणि त्या लांबीचा काळाशी असलेला संबंध. म्हणजेच तड्याच्या टोकाची गती. ही गती टोकाशी एकवटलेल्या ताणाच्या तीव्रतेशी ताडून पाहतात. एका किमान तीव्रतेखाली तडा हलत नाही. ती ओलांडल्यावर गती झपाट्याने वाढते. आणि पुढे बऱ्याच जोड्यांत ती काही मर्यादेत जवळजवळ स्थिर राहते. द्रवधातूच्या सान्निध्यात ही गती सेकंदाला काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत, काही जोड्यांत त्याहूनही पुष्कळ अधिक असू शकते.

या क्रियेला ‘तडावाढ’ हे नाव इंग्रजी पदाचा शब्दशः उतारा म्हणून आले आहे. वाढ होते ती रोपाची, मुलाची, किमतीची. वाढणारी वस्तू सर्व अंगांनी वाढते. तडा सर्व अंगांनी वाढत नाही. त्याचे फक्त टोक पुढे सरकते, मागचा भाग घडून गेलेला असतो. ‘तड्याची आगेकूच’ हे पद कदाचित अलंकारिक वाटेल. ‘तड्याची गती’ मात्र साधे, मराठी वळणाचे आणि मोजण्याच्या राशीशी जुळणारे आहे. ‘तडा दर सेकंदाला ५ मिलिमीटर वाढतो’ यापेक्षा ‘तडा सेकंदाला ५ मिलिमीटर जातो’ हे वाक्य कोणत्याही मराठी भाषकाला स्पष्टीकरणाशिवाय कळेल. शास्त्रीय भाषा बोलीपासून दूर गेली म्हणजेच शास्त्रीय होते, हा समज येथे उघडपणे तोट्याचा ठरला आहे.

४

परंतु ‘तडा’ या शब्दातही एक गृहीत लपलेले आहे, आणि मापनाचा प्रश्न तेथेच येऊन भिडतो. तडा असो की भेग, मराठी मनाला ती पोकळी वाटते. जेथे वस्तू होती तेथे आता काही नाही, असा तो अर्थ आहे. तड्याची लांबी मोजण्याची एक अत्यंत सोयीची पद्धत याच गृहीतावर उभी आहे. नमुन्यातून स्थिर विद्युत्प्रवाह सोडायचा आणि तड्याच्या दोन बाजूंमधील विद्युतदाबाचा फरक मोजायचा. तडा लांबला की प्रवाहाला उरलेल्या अखंड भागातून वळसा घालून जावे लागते, फरक वाढतो, आणि त्या वाढीवरून लांबी काढता येते. पोकळी वीज वाहत नाही, हा तिचा आधार आहे.

द्रवधातूच्या प्रसंगी हा आधार ढासळतो, कारण तडा रिकामा नसतो. जो द्रव त्याला पुढे नेतो तोच त्याच्या मागे भरून राहतो, आणि तो द्रव स्वतः धातू असल्याने वीज वाहतो. आकड्यांत पाहू. पाऱ्याची विद्युत्प्रतिरोधकता ॲल्युमिनियमच्या सुमारे ३६ पट आहे. यावरून पारा हा वाईट वाहक आहे आणि म्हणून चूक फारशी होणार नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण प्रवाहाला पाऱ्यातून किती अंतर कापायचे असते? तडा १० मायक्रोमीटर रुंद आणि पाऱ्याने पूर्ण भरलेला मानला, तर प्रवाह त्या पडद्यातून आरपार जाताना त्याला जो विरोध होईल तो सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमइतकाच होय. नमुना काही सेंटिमीटर लांबीचा असताना एवढा जादा विरोध नगण्य आहे. याचा अर्थ, डोळ्याला आरपार दिसणारा तडा विजेच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसतो. उपकरण म्हणते, तडा नाही. नमुना मात्र दोन तुकडे होण्याच्या बेतात असतो.

यावर उपाय आहेत. भार दिल्यावर नमुन्याचे तोंड किती उघडते ते मोजून लांबी काढण्याची पद्धत येथे अधिक विश्वसनीय आहे, कारण द्रवाला वीज वाहता येते पण तड्याचे दोन काठ एकमेकांशी बांधून धरता येत नाहीत. मात्र नमुना थंड होऊन आतला द्रव गोठला, तर तोही काठांना सांधतो आणि तडा प्रत्यक्षाहून आखूड भासतो. म्हणून हे मापन द्रव द्रवच असताना केले पाहिजे. सूक्ष्मदर्शकातून टोक पाहणे हा सर्वांत जुना मार्ग. पण त्याने पृष्ठावरचे टोक दिसते, आतले नाही, आणि पृष्ठही पुष्कळदा द्रवानेच झाकलेले असते. गॅलियम व ॲल्युमिनियम यांच्या जोडीत क्ष-किरणांनी मोठे काम केले आहे. गॅलियम हे क्ष-किरण ॲल्युमिनियमपेक्षा अधिक शोषून घेत असल्याने भरलेल्या कणसीमा चित्रात उठून दिसतात. येथे दृष्टीच पालटलेली आहे: पोकळी शोधण्याऐवजी भरलेपण शोधले जाते, आणि जे एका पद्धतीला विघ्न होते तेच दुसरीला साधन होते.

सिंदीच्या परिसरातील काळ्या मातीचा दृष्टान्त येथे उपयुक्त आहे, तो विरोधाने. चैत्र-वैशाखात तिला पडणारी भेग रिकामी असते. पहिल्या पावसाचे पाणी आत शिरले की माती फुगते आणि भेग मिटते. तेथे द्रव हा भेगेचा शेवट आहे. धातूतील या तड्यात द्रव हाच त्याला पुढे नेणारा आहे. जमिनीच्या भेगेवरून घडलेली ‘पोकळ’ कल्पना धातूच्या तड्याला लावली, म्हणजे शब्द आणि उपकरण दोन्ही एकाच ठिकाणी फसतात. मापनाच्या वर्णनात ‘तडा’ एवढेच न म्हणता ‘रिक्त तडा’ व ‘भरित तडा’ असा भेद करण्याची सूचना या दृष्टीने विचारार्ह आहे. हा भेद एकदा परिभाषेत आला, तर कोणत्या पद्धतीने मोजायचे हा प्रश्न प्रयोग सुरू होण्यापूर्वीच विद्यार्थ्यासमोर उभा राहील.

५

शेवटचा मुद्दा कर्तृत्वाचा, म्हणजे तडा कोणाचा हा. ‘आसाला तडा गेला’ या वाक्यात तडा कर्ता आहे आणि आस भोक्ता आहे. ज्याने हे घडवले त्याला स्थान नाही. बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण अपघाताच्या चौकशीच्या अहवालात असे वाक्य आले, तर वाचकाच्या मनात कारण आपोआप आसाच्या पोलादात शोधले जाते. त्यात ‘ठिसूळ झालेल्या’ हे विशेषण जोडले, की दोष पोलाद ओतणाऱ्याच्या माथी बसतो. वास्तविक दोष वंगण न मिळाल्याचा, बेअरिंग झिजल्याचा, किंवा तापलेली पेटी वेळीच न दिसल्याचा असू शकतो. जबाबदारी कोणावर, हा प्रश्न अशा रीतीने एका विशेषणाच्या आणि एका विभक्तिप्रत्ययाच्या निवडीवर येऊन ठेपतो.

मराठीजवळ हा प्रश्न सोडवण्याची साधने नाहीत असे नाही. ‘द्रव तांब्यात’, ‘द्रव तांब्यामुळे’ आणि ‘द्रव तांब्याने’ हे तीन प्रयोग तीन निरनिराळी विधाने करतात. पहिला केवळ परिसर सांगतो. दुसरा कारण सांगतो. तिसरा साधन किंवा कर्ता सांगतो. तड्यात तांबे सापडले एवढाच पुरावा असेल तर पहिल्या प्रयोगापलीकडे जाण्याचा अधिकार नाही. भंगाची पृष्ठे कणसीमांना धरून आहेत आणि तांबे तड्याच्या टोकापर्यंत पोचलेले आहे, असे दिसले तर दुसरा प्रयोग करता येईल. तसाच तडा तशाच ताणाखाली द्रवाशिवाय जात नाही, असे प्रयोगाने सिद्ध झाल्यावरच तिसरा प्रयोग निःशंकपणे वापरावा. विभक्ती ही येथे अलंकार नसून पुराव्याची पायरी आहे.

ही दक्षता अनाठायी नाही, हे इंग्लंडातील फ्लिक्सबरो येथील प्रकरणावरून दिसते. १ जून १९७४ रोजी तेथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे मृत्युमुखी पडली. नंतर सापडलेल्या ८ इंची स्टेनलेस पोलादी नळीत एक लांब चीर होती आणि तिच्या संदर्भात जस्ताने घडणाऱ्या भंगाची चर्चा झाली. प्रश्न असा होता की ही नळी आधी फुटली आणि तिने अनर्थ ओढवला, की मोठी २० इंची जोडनळी आधी निखळली आणि तिच्यानंतर लागलेल्या आगीत ही नळी फुटली. चौकशी न्यायालयाने २० इंची नळीकडेच मूळ कारण पाहिले; तथापि वाद पुढेही चालू राहिला. चीर खरी, जस्तही खरे. तरीही त्यांवरून कारण ठरले नाही, कारण क्रम ठरवणे शिल्लक होते. ‘जस्ताने नळी ठिसूळ झाली’ हे वाक्य हा क्रम न सांगताच सांगितल्याचा आभास निर्माण करते.

नाव चुकल्याने कारण चुकल्याचे एक उदाहरण भारताशीही निगडित आहे. ब्रिटिश काळात येथे साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात चिरा पडत. या प्रकाराला ऋतूवरून नाव पडले आणि तेच रूढ झाले. जणू पावसाळाच पितळ फोडत होता! १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की खरा कर्ता दमट हवेतील अमोनिया हा होता आणि पितळेत घडणीच्या वेळी राहिलेला ताण त्याला साहाय्य करीत होता. ही घटना ताणाखालील क्षरणाची आहे, द्रवधातूची नव्हे. परंतु योगायोग असा की पितळेत असा ताण राहिला आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी जी कसोटी रूढ झाली, तीत पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात वस्तू बुडवतात. पृष्ठावर पारा बसतो, आणि आत ताण असेल तर थोड्याच वेळात तडे जातात. येथे द्रवधातूने घडणारा भंग हे स्वतःच मापनाचे साधन बनले आहे. ज्या भंगाला परिभाषा धातूचे दौर्बल्य म्हणते, तोच येथे त्याच्या आतल्या ताणाची साक्ष देतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. परिभाषा ही संकेताने चालते. शब्दाचा व्युत्पत्तीने किंवा बोलीने येणारा अर्थ शास्त्रात गौण असतो. ‘ठिसूळता’ हे पद व्याख्येने बांधून घेतले की झाले, मग त्याच्या मूळ छटांची चिंता कशाला? हा आक्षेप हलका नाही. १९४६ नंतर काही वर्षे नागपुरात राहून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू व उपसर्ग यांच्या आधारे हजारो पारिभाषिक संज्ञा घडवल्या, त्यांमागे असाच विचार होता: शब्द बोलीपासून जितका मुक्त, तितका त्यावर व्याख्या बसवणे सोपे. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने पुढे जे परिभाषाकोश काढले, त्यांनीही एका इंग्रजी पदाला एक मराठी पद हे सूत्र बव्हंशी स्वीकारले. या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्याविना मराठीत शास्त्र शिकवण्याचा विचारही करता आला नसता.

तथापि आक्षेपाला उत्तर आहे. संकेत बळकट असतो तो शब्द अपरिचित असेल तर. ‘ठिसूळ’, ‘दुर्बल’, ‘तडा’, ‘वाढ’ हे शब्द अपरिचित नाहीत. प्रत्येक वाचक त्यांच्याकडे आपला घरचा अर्थ घेऊन येतो आणि व्याख्येचे पान उलटताच तोच अर्थ परत येतो. म्हणून एक तर सर्वस्वी नवा शब्द घडवावा, नाहीतर जुन्या शब्दाचा घरचा अर्थ शास्त्राच्या अर्थाशी जुळतो की नाही हे तपासून घ्यावे. मधली वाट, म्हणजे घरचा शब्द घेऊन त्याचा घरचा अर्थ विसरण्याची अपेक्षा करणे, ही फसवी आहे. शिवाय प्रत्येक इंग्रजी पदाला एकच मराठी पद, हे सूत्र स्वीकारल्याने इंग्रजीतली संदिग्धताही आपण आयात करतो. मूळ इंग्रजी पदातच गुण आणि क्रिया यांची सरमिसळ आहे. मराठीने ती उसनी घेण्याचे बंधन नाही.

सारांश, या विषयावर मराठीत लिहिणाऱ्याने चार पथ्ये पाळावीत. धातूच्या अंगी आलेला गुण आणि द्रवाच्या उपस्थितीत घडणारी क्रिया यांना वेगळी पदे द्यावीत. तड्याच्या वाढीऐवजी त्याच्या टोकाच्या गतीबद्दल बोलावे. तडा रिक्त की भरित, हे मापनाची पद्धत सांगण्यापूर्वी सांगावे. आणि ‘-त’, ‘-मुळे’, ‘-ने’ यांची निवड हाती असलेल्या पुराव्याच्या प्रमाणातच करावी. यांतील एकाही पथ्यासाठी नवा कोश लागत नाही. लागते ती भाषेत आधीपासून असलेल्या भेदांची जाण.

ही जाण विद्यापीठाबाहेर नाही, असे मानण्याचे कारण नाही. स्थानकात उभा राहून गाडी पार होताना पाहणाऱ्या माणसाला धातुशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल. पण तो आसाला वाईट ठरवत नाही, आस तापला असे म्हणतो, गाडी थांबवतो आणि मग पेटी उघडून तेल पाहिले जाते. निरीक्षण, कृती आणि कारणाचा शोध यांचा हा क्रम त्याच्या दोन शब्दांत शाबूत आहे. शास्त्रीय मराठीने निदान तेवढी अचूकता गमावू नये.